एकदा ठरवावे, सर्वत्र वापरावे : ई-अर्जांच्या रूपशैलीचा परिचय

बँकेचा अर्ज म्हणजे ग्राहक आणि बँक यांच्यातील लेखी संवाद होय. कागदी अर्जाचे रूप छापखान्यात एकदाच ठरते आणि त्याच्या हजारो प्रती एकसारख्या निघतात. संगणकावर भरावयाच्या अर्जात मात्र प्रत्येक रकाना स्वतंत्रपणे तयार होतो. एका रकान्यातील अक्षर मोठे, दुसऱ्यातील बारीक; एके ठिकाणी अनिवार्य माहितीस लाल चौकट, तर दुसरीकडे केवळ ताऱ्याची खूण, असा विस्कळीतपणा त्यात सहज शिरतो. पुनःपुन्हा वापरता येणारी रूपशैली, म्हणजेच ‘स्टाइल’, हा त्यावरील उपाय आहे.

बंगळुरूचे उदाहरण

एकसारखे रूप ही केवळ शोभेची बाब नव्हे, हे प्राप्तिकर विभागाच्या बंगळुरू येथील केंद्रीकृत प्रक्रिया केंद्राच्या कामकाजावरून ध्यानात येते. हे केंद्र २००९ मध्ये स्थापन झाले. डिजिटल सहीविना ई-विवरणपत्र भरणाऱ्या करदात्यास ‘आयटीआर-व्ही’ हा एकपानी नमुना छापून, त्यावर सही करून तो टपालाने या केंद्राकडे पाठवावा लागे. पडताळणीचे इलेक्ट्रॉनिक पर्याय २०१५ पासून उपलब्ध झाले. गडद काळ्या शाईत छपाई करावी, बारकोड स्पष्ट दिसावा, अशा सूचना करदात्यांना दिल्या जात. नागपूरहून आलेला कागद असो वा कोल्हापूरहून, त्याचा साचा एकच असे. म्हणूनच तो यंत्राला वाचता येई.

रूपशैली म्हणजे काय?

अक्षराचा आकार, रंग, चौकट, अंतर अशा गुणधर्मांच्या संचाला एक नाव देऊन तो जतन करणे म्हणजे रूपशैली तयार करणे. वेबपृष्ठांसाठी असा विचार हाकोन व्हिउम ली यांनी १९९४ मध्ये मांडला आणि डिसेंबर १९९६ मध्ये ‘सीएसएस’ या नावाने त्याचे पहिले मानक जाहीर झाले.

शैलीचे नाव दिसण्यावरून न देता कार्यावरून द्यावे. ‘लाल रकाना’ असे नाव दिल्यास पुढे रंग बदलताच ते निरर्थक ठरते. ‘अनिवार्य रकाना’ हे नाव मात्र कायम राहते.

याचे महत्त्व नामनिर्देशनाच्या अर्जात दिसून येते. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीसाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. एकाच वेळी अनेकांना नेमल्यास प्रत्येकाचा हिस्सा नमूद करावा लागतो आणि त्यांची बेरीज शंभर टक्के व्हावी लागते. शैली आधीच निश्चित असेल तर वाढीव रकाने त्याच रूपात जोडता येतात. ती नसेल तर एखादा रकाना नजरेतून निसटतो आणि त्याची झळ ठेवीदाराच्या पश्चात कुटुंबाला बसते.

आखणी कशी करावी?

१. प्रथम पाच-सहा शैलीच निश्चित कराव्यात : शीर्षक, रकान्याचे नाव, भरावयाची माहिती, अनिवार्य रकाना, त्रुटीची सूचना आणि ‘कार्यालयीन उपयोगासाठी’.

२. मराठी मजकुरासाठी युनिकोड फाँट वापरावा व तो पीडीएफमध्ये अंतर्भूत करावा. वेलांटी, मात्रा व उकार कापले जाऊ नयेत यासाठी ओळींमध्ये पुरेसे अंतर ठेवावे.

३. केवळ रंगावर विसंबू नये. अनिवार्य रकान्यास शब्दांची अथवा खुणेची जोड द्यावी. सामान्य आकाराचा मजकूर व पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असे आंतरराष्ट्रीय सुगम्यता तत्त्वे सांगतात. अर्ज कृष्णधवल छापूनही तपासावा.

४. वर्डमध्ये या शैली टेम्प्लेटमध्ये जतन कराव्यात. शैलीत बदल केला की ती लावलेला त्या दस्तऐवजातील सर्व मजकूर बदलतो. अ‍ॅक्रोबॅटमध्ये एका रकान्याचे गुणधर्म त्या प्रकारच्या नव्या रकान्यांसाठी मूलभूत म्हणून ठरविता येतात. परंतु आधी तयार केलेले रकाने त्यामुळे आपोआप बदलत नाहीत. ते एकत्र निवडूनच बदलावे लागतात.

रूप आणि पुरावा

डिजिटल सहीचे दृश्य रूपही, म्हणजे नाव, दिनांक, बोधचिन्ह इत्यादी, एकदा तयार करून पुनःपुन्हा वापरता येते. येथे मात्र सावधगिरी आवश्यक आहे. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० अन्वये डिजिटल सहीस कायदेशीर मान्यता आहे. ती मान्यता सहीमागील प्रमाणपत्रास व तांत्रिक पडताळणीस असते, पानावरील चित्रास नव्हे. पीडीएफ स्वरूपातील ई-आधारवर अनेकदा प्रश्नचिन्ह दिसते, तेव्हा दस्तऐवज बनावटच आहे असे नसते. सॉफ्टवेअरने त्या प्रमाणपत्रावर अद्याप विश्वास नोंदविलेला नसतो, असेही असू शकते. उलटपक्षी, हुबेहूब बोधचिन्ह व सुबक सही असलेला कागद खोटा असू शकतो. म्हणून सहीचा तपशील सॉफ्टवेअरच्या ‘सिग्नेचर’ विभागात उघडून पाहावा.

अर्ज तयार करणाऱ्या अधिकाऱ्याने रूपात सातत्य राखावे, म्हणजे ग्राहकाची चूक कमी होईल. ग्राहकाने मात्र ओळखीचे रूप दिसले म्हणून तपासणी टाळू नये. रूपामुळे अर्ज भरणे सोपे होते. त्याचा खरेपणा पडताळणीनेच सिद्ध होतो.