रिकामा रकाना आणि गृहीत तारीख

विद्यार्थिमित्रांनो, आपल्या घरांतील वडील मंडळींस त्यांची जन्मतारीख विचारून पाहा. पेण-रोह्याकडेच नव्हे, तर साऱ्या महाराष्ट्रांत पुष्कळांचें उत्तर '१ जून' असें येईल. इतकीं मुलें एकाच दिवशीं खचित जन्मलीं नाहींत! पूर्वीं अनेक ठिकाणीं जन्माची नोंद होत नसे, पालकांस तारीख सांगतां येत नसे, आणि शाळा तर जूनमध्यें सुरू होत. तेव्हां गुरुजी पटावर १ जून लिहून मोकळे होत.

आज हेंच काम संगणक करूं शकतो. डेटाबेस म्हणजे तक्त्यांचें मोठें दप्तर होय. तक्त्यांतील एखादा रकाना कोणी भरला नाहीं, तर तेथें काय लिहावें, हें संगणकास आगाऊ सांगून ठेवितां येतें. त्यास डीफॉल्ट, अर्थात् गृहीत मूल्य, म्हणतात. तारखेच्या रकान्यास तें दोन प्रकारें देतां येतें. एक, ठराविक तारीख. दुसरें, 'करंट टाइमस्टँप'. म्हणजे नोंद होतांच संगणक आपलें घड्याळ पाहून तो क्षण स्वतः लिहितो.

यांपैकीं कोणतें केव्हां द्यावें? समजा, पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यानें आपली मागणीवही संगणकावर ठेविली. तींत 'मागणी नोंदविल्याची वेळ' आणि 'मूर्ति नेण्याचा दिवस' असे दोन रकाने आहेत. पहिल्यास करंट टाइमस्टँप द्यावा. कारण ती वेळ संगणकास ठाऊक असते. दुसरी गोष्ट मात्र केवळ गिऱ्हाइकास ठाऊक. गणेशचतुर्थी २०२४ सालीं ७ सप्टेंबरला होती, तर २०२५ सालीं २७ ऑगस्टला. ७ सप्टेंबर हीच तारीख गृहीत राहिली असती, तर २०२५ सालीं मूर्ति अनंतचतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशीं हातीं आली असती! असा रकाना रिकामा राहूं द्यावा, किंवा तो भरल्यावांचून नोंदच स्वीकारूं नये, असा संगणकास नियम घालून द्यावा. रिकाम्या जागेस संगणकाच्या भाषेंत 'नल' म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. 'अद्याप माहीत नाहीं' असा त्याचा प्रामाणिक अर्थ आहे.

घड्याळाविषयींही सावध असावें. पुष्कळ संगणक ग्रिनिचची वेळ धरून चालतात, आणि आपली वेळ तिच्यापुढें साडेपांच तास आहे. रोह्याजवळील धाटावच्या एखाद्या कारखान्यांत १ ऑगस्टच्या पहाटें चार वाजतां केलेली नोंद त्या घड्याळाप्रमाणें ३१ जुलैच्या रात्रीं साडेदहाची ठरते. दिवस बदलला, महिनाही बदलला! म्हणून वेळेबरोबर ती कोठली, हेंही नोंदवावें.

गृहीत तारीख खऱ्या तारखेसारखीच दिसते, हाच तिचा मोठा दोष. १ जूनवाली पुष्कळ मंडळी शासकीय सेवेंतून ३१ मे रोजीं एकदम निवृत्त होतात. त्यांत कोणाची खरी वेळ आधीं येऊन गेलेली असते, कोणाची यावयाची असते. आतां १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांस शाळाप्रवेशासाठीं जन्मदाखलाच जन्मतारखेचा पुरावा मानिला जातो. पालकांनीं तो वेळेवर काढून जपावा. आणि मुलांनो, उद्यां तुम्ही असे तक्ते रचाल, तेव्हां जें ठाऊक तेंच लिहा. जें ठाऊक नाहीं, तेथें रकाना रिकामा ठेवण्यास लाजूं नका.