जुन्या व्हिडिओ कॅसेटी : व्ही. सी. आर., टी. व्ही. व सेट टॉप बॉक्स यांची जोडणी आणि दोषनिवारण

आपल्या हिंगोली जिल्ह्यात काही घरांतील पेट्यांत, शाळांच्या कपाटांत आणि ग्रामपंचायतींच्या दप्तरांत जुन्या व्हिडिओ कॅसेटी अद्याप पडून आहेत. पुष्कळ कॅसेटींवर लग्नकार्ये व जत्रा आहेत. परंतु काहींवर शेतीची प्रात्यक्षिके, शिवारफेऱ्या व अनुभवी शेतकऱ्यांची भाषणे चित्रित झालेली आहेत. त्यांवरील चिठ्ठीवर गावाच्या नावापुढे ‘जिल्हा परभणी’ असे लिहिलेले दिसल्यास आश्चर्य मानण्याचे कारण नाही. हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला आणि यांपैकी बहुतेक चित्रण त्यापूर्वीचे आहे.

या कॅसेटी कशा पाहाव्यात आणि त्या पाहताना बिघडणार नाहीत याची काळजी कशी घ्यावी, अशी विचारणा शेतकरी बंधू-भगिनींकडून वरचेवर होते. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा विषय नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

विलंब का करू नये

आपल्याकडे सर्वत्र आढळणारी कॅसेट व्ही. एच. एस. या पद्धतीची असते. ही पद्धत जपानमध्ये १९७६ साली बाजारात आली. ती वाजविणारी नवी यंत्रे तयार करणाऱ्या अखेरच्या जपानी कारखान्याने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. म्हणजे आज जी यंत्रे शिल्लक आहेत तेवढीच आपल्या हाती आहेत. त्यांतील रबरी पट्टे व रूळ दरवर्षी कडक होत आहेत आणि फितीही जुन्या होत आहेत. धान्याला कीड लागल्यावर कणगी बंद करण्यात अर्थ नसतो, तसेच हे आहे.

येथे एक अनुभव सांगणे मला आवश्यक वाटते. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, ज्येष्ठ महिन्यात, वसमत तालुक्यातील एक शेतकरी आपल्या आईस घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्याजवळ एक कॅसेट होती. त्यांचे दिवंगत वडील कढईत हळद कशी शिजवावी, शिजलेले कंद कसे पारखावे व ते कसे वाळवावे हे तीत समजावून सांगत होते. मी कपाटातून जुने यंत्र काढले, वायरी जोडल्या आणि कॅसेट लगेच आत घातली. प्रथम चित्र उत्तम आले. वडिलांचा आवाज ऐकताच त्या माउली पुढे सरकून बसल्या. दोन-तीन मिनिटांत चित्र फाटले व आतून खरखर ऐकू आली. यंत्राचा पट्टा सैल पडल्यामुळे पुढे गेलेली फीत चक्रीवर गुंडाळली न जाता रुळाभोवती अडकली होती. पुढचा भाग वाचला. परंतु ज्या तुकड्यात ते गृहस्थ स्वतः बोलत होते तो चुरगळून गेला. आई एवढेच म्हणाल्या, “साहेब, आवाज तरी ऐकला.” दोष कॅसेटीचा नव्हता, माझ्या घाईचा होता. अनेक वर्षे बंद असलेले यंत्र मी तपासून पाहिले नव्हते. पुढील पाठ त्या चुकीतून तयार झालेला आहे.

मूळ तत्त्व : पाणी वरून खाली

पूर्णा प्रकल्पाच्या कालव्यावर ज्यांनी पिकास पाणी दिले आहे त्यांस हे तत्त्व निराळे शिकविण्याची गरज नाही. वाफ्यात पाणी आले नाही, तर जाणता शेतकरी वाफा उकरीत बसत नाही. तो दाऱ्यापर्यंत, तेथून चारीपर्यंत आणि शेवटी फाट्यापर्यंत वर चालत जातो आणि पाणी कोठवर आले आहे ते पाहतो. चित्र व आवाज हेही वायरीतून असेच वाहतात. ज्या खोबणीवर ‘आउट’ लिहिलेले असते तेथून ते बाहेर पडतात. ज्या खोबणीवर ‘इन’ लिहिलेले असते तेथे ते आत शिरतात. म्हणून वायरीचे एक टोक नेहमी ‘आउट’मध्ये व दुसरे ‘इन’मध्ये असले पाहिजे. दोन्ही टोके ‘आउट’मध्ये घातल्यास दोन्हीकडून बांध घातल्यासारखे होते व पडद्यावर काहीच दिसत नाही. जोडणीतील बहुसंख्य तक्रारी केवळ या एका चुकीमुळे उद्भवतात.

जोडणी

सर्व उपकरणांचे प्लग भिंतीतून काढून ठेवावेत आणि मगच वायरींना हात लावावा.

१. केबलची किंवा डिशची तार फक्त सेट टॉप बॉक्समध्ये लावावी. पूर्वी केबलची तार प्रथम व्ही. सी. आर.मध्ये व तेथून टी. व्ही.मध्ये जात असे. आता ती रीत चालत नाही. केबलवरील प्रक्षेपण डिजिटल करण्याच्या अखेरच्या टप्प्याची मुदत ३१ मार्च २०१७ ही होती. डिजिटल प्रक्षेपण जुन्या व्ही. सी. आर.ला उलगडता येत नाही. डिशच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. छतावरील डिशच्या तोंडाशी असलेल्या भागास वीज याच तारेतून, सेट टॉप बॉक्सकडून मिळते. तार मध्येच दुसऱ्या यंत्रात घातल्यास ही वीज तुटते आणि सर्व वाहिन्या बंद पडतात.

२. सेट टॉप बॉक्स टी. व्ही.ला त्याच्या नेहमीच्या वायरीने स्वतंत्रपणे जोडावा. तो व्ही. सी. आर.मधून नेऊ नये.

३. व्ही. सी. आर.च्या मागील ‘आउट’ खोबणींपासून टी. व्ही.च्या ‘इन’ खोबणींपर्यंत तीन रंगांची वायर लावावी. पिवळी पिन चित्राची, पांढरी डाव्या बाजूच्या आवाजाची व तांबडी उजव्या बाजूच्या आवाजाची होय. जुन्या यंत्रास आवाजाची एकच खोबण असल्यास तेथे पांढरी पिन लावावी व तांबडी मोकळी ठेवावी.

४. टी. व्ही. चालू करून रिमोटवरील ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ हे बटण दाबावे व ‘ए. व्ही.’ निवडावे. सेट टॉप बॉक्सचे चित्र पाहावयाचे असेल तेव्हा याच बटणाने परत फिरावे. दोन चाऱ्या व एक दारे, असे हे समजावे.

नवीन टी. व्ही.मध्ये तीन खोबणी नसून एकच लहान गोल भोक असते. त्यासाठी टी. व्ही.सोबत आलेली जोडवायर वापरावी. दुसऱ्या कंपनीच्या वायरीत रंगांचा क्रम वेगळा असू शकतो. चित्र न आल्यास पिवळी व तांबडी पिन यांची अदलाबदल करून पाहावी. त्याने यंत्रास अपाय होत नाही. काही टी. व्ही.मध्ये पिवळ्या व हिरव्या रंगाची खोबण एकच असते. तेथे पिवळी पिन लावावी. टी. व्ही.ला केवळ एच. डी. एम. आय. खोबण असल्यास ए. व्ही.चे एच. डी. एम. आय. करणारी लहान डबी बाजारात मिळते. तिला स्वतंत्र वीज द्यावी लागते हे विसरू नये.

सेट टॉप बॉक्सवरील कार्यक्रम कॅसेटीवर घेणे

असे करावयाचे असल्यास बॉक्सच्या तीन रंगांच्या ‘आउट’ खोबणींपासून व्ही. सी. आर.च्या ‘इन’ खोबणींपर्यंत दुसरी वायर लावावी आणि व्ही. सी. आर.वर वाहिनीच्या क्रमांकाऐवजी ‘ए. व्ही.’ अथवा ‘एल’ ही निवड करावी. वाहिनी बॉक्सवरच बदलावी लागते. चित्र आलटून पालटून अंधुक व उजळ होऊ लागल्यास तो यंत्राचा दोष समजू नये; नक्कल होऊ नये म्हणून काही कार्यक्रमांत व विकत मिळणाऱ्या कॅसेटींत तशी योजना केलेली असते.

मोलाची कॅसेट घालण्यापूर्वी

प्रथम, जिच्यावर काही महत्त्वाचे नाही अशी एखादी कॅसेट यंत्रात घालावी. ती अर्धा तास चालवावी, पुढे व मागे फिरवावी आणि बाहेर काढून फीत चुरगळली आहे काय ते पाहावे. या परीक्षेत उतरलेल्या यंत्रातच मोलाची कॅसेट घालावी.

नंतर कॅसेट उजेडात धरून खिडकीतून फितीच्या गुंडाळीकडे पाहावे. वेलीच्या पानावर भुरी पडावी तशी पांढरी पूड दिसल्यास ती बुरशी होय. अशी कॅसेट वाजवू नये. बुरशी यंत्रास लागते व यंत्राकडून पुढच्या प्रत्येक कॅसेटीस लागते. ती वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराकडे स्वच्छतेसाठी द्यावी.

कॅसेटीच्या पाठीच्या कडेस एक लहान प्लास्टिकची पट्टी असते. ती मोडून टाकावी. त्यामुळे चुकून बटण दाबले गेले तरी जुन्या चित्रणावर नवे चित्रण होत नाही.

दोष, कारणे व उपाय

दोष शोधताना एका वेळी एकच वायर किंवा एकच बटण बदलावे. दोन गोष्टी एकदम बदलल्यास कोणत्या उपायाने गुण आला ते कळत नाही.

चित्र व आवाज दोन्ही नाहीत : टी. व्ही.वर ‘ए. व्ही.’ निवडले आहे काय, हे पाहावे. नंतर ‘इन’ व ‘आउट’ तपासावे. शेवटी दुसरी वायर लावून पाहावी.

चित्र आहे, आवाज नाही : पांढरी पिन सैल आहे किंवा चुकीच्या खोबणीत आहे.

पडदा काळा व आवाजात घरघर : पिवळी पिन आवाजाच्या खोबणीत गेली आहे.

चित्र येते पण रंग नाही : टी. व्ही.च्या निवडपत्रिकेत रंगपद्धती ‘ऑटो’ अथवा ‘पाल’ ठेवावी. भारतात ६२५ रेषांची पाल पद्धती चालते. अमेरिकेतून आप्तांनी पाठविलेली कॅसेट ५२५ रेषांच्या एन. टी. एस. सी. पद्धतीची असते; ती प्रत्येक यंत्रावर चालतेच असे नाही.

चित्रावर आडव्या पांढऱ्या रेघा : ‘ट्रॅकिंग’चे बटण हळूहळू फिरवून चित्र स्थिर होईल तेथे थांबावे.

आवाज स्पष्ट, परंतु चित्रात केवळ पांढरे ठिपके : चित्र वाचणारे हेड मळलेले आहे. हे हेड एका सेकंदास २५ फेरे घेणाऱ्या नळकांड्यावर बसविलेले असून अत्यंत नाजूक असते. कापसाची काडी त्यावर वरखाली घासल्यास ते तुटते. हे काम कारागिराकडूनच करवून घ्यावे.

कॅसेट आत जाऊन लगेच बाहेर येते किंवा यंत्र आपोआप बंद पडते : पावसाळ्यात यंत्रात ओल धरल्याने असे होते. यंत्र कोरड्या खोलीत काही तास ठेवावे. तरीही दोष राहिल्यास पट्टा बदलण्याची वेळ आली आहे असे समजावे.

कॅसेट आत अडकली : ओढू नये. वीज बंद करून यंत्र तसेच कारागिराकडे न्यावे. झाकण स्वतः उघडू नये. प्लग काढल्यानंतरही आतील काही भागांत वीज साठलेली असते.

नक्कल करून ठेवणे हाच खरा उपाय

यंत्र दुरुस्त झाले, चित्र दिसले, म्हणजे काम संपले असे नाही. व्ही. सी. आर.ची तीन रंगांची वायर टी. व्ही.ऐवजी चित्र टिपून घेणाऱ्या लहान यू. एस. बी. उपकरणास जोडावी व ते संगणकास लावावे. कॅसेट वाजते तितक्याच वेळात नक्कल होते. १८० मिनिटांच्या कॅसेटीस तीन तास लागतात. मध्येच उठून जाऊ नये. नकला दोन कराव्यात व त्या दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात. प्रत्येकीस गाव, वर्ष, पीक व बोलणाऱ्याचे नाव लिहावे. मूळ कॅसेट पूर्ण मागे फिरवून, उभी, कोरड्या जागी व ध्वनिवर्धकापासून दूर ठेवावी.

एक सूचना विशेषतः कार्यकर्त्यांसाठी आहे. जुने चित्रण गावात दाखविण्यापूर्वी स्वतः पूर्ण पाहावे. त्यातील मशागतीचे व पारखीचे ज्ञान आजही उपयोगी असेल. परंतु औषधांच्या शिफारशी आज लागू असतीलच असे नाही. उदाहरणार्थ, एकेकाळी सर्रास सुचविल्या जाणाऱ्या एंडोसल्फानवर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बंदी घातली. अशा जागी चित्र थांबवून आजची शिफारस सांगावी.

वर सांगितलेल्या त्या कॅसेटीचा उरलेला भाग आम्ही नंतर दुसऱ्या, तपासलेल्या यंत्रावर उतरवून घेतला. कढईवर झाकलेला पाला बाजूस सारून ते गृहस्थ शिजलेल्या कंदात काडी टोचून दाखवितात, एवढे त्यात स्पष्ट दिसते. त्यांच्या नातवाने ते पाहिले. आता गावात वाफेचे यंत्र आले आहे. तरी कंद शिजला की नाही हे तो काडीनेच पाहतो.

ज्यांच्या घरी अशा कॅसेटी असतील त्यांनी पावसाळा लागण्यापूर्वी त्या बाहेर काढून तपासाव्यात आणि आपल्या गावच्या कृषी कार्यकर्त्यास कळवावे. घाई करू नये. परंतु विलंबही लावू नये.