कारंजा तालुक्यात समुद्र सांभाळताना

वाशिम जिल्ह्यात, कारंजा तालुक्यातल्या धनजमध्ये प्रवाळांची टाकी मांडायची म्हटली की हौशी माणूस आधी काच, दिवे आणि पंपाची चौकशी करतो. कायद्याची चौकशी राहून जाते, आणि अंगाशी येते ते तिथेच. प्रवाळभित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, ऑर्गन पाइप प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि सागरपंखे २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. परदेशी व्हिडिओंत निळ्या उजेडात झळाळणारी फांद्याफांद्यांची अ‍ॅक्रोपोरा कायद्याच्या दृष्टीने वाघाच्या रांगेत बसते. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला ३ ते ७ वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. दुकानदाराने पावती दिली होती, एवढ्यावर सुटका होत नाही. ‘लाइव्ह रॉक’ म्हणून विकला जाणारा सच्छिद्र दगड पुष्कळदा मेलेल्या कठीण प्रवाळाचा सांगाडाच असतो, आणि सांगाडाही याच संरक्षणाखाली येतो. टाकीसाठी सिरॅमिकचा भाजलेला दगड घ्यावा. जिवाणूंना राहायला तोही पुरतो.

घरात ठेवण्याजोगे राहतात ते या यादीबाहेरचे मऊ प्राणी: लेदर कोरल म्हणून ओळखले जाणारे सार्कोफायटन, मशरूम, झोआंथस. तेही कुठून आले आणि त्यांचे कागद काय आहेत, हे वन कार्यालयात दाखवून मगच पैसे मोजावेत. कठीण प्रवाळ पाहायचे तर मालवण गाठावे. तिथल्या सागरी अभयारण्याला १९८७ मध्ये दर्जा मिळाला, आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास पाण्यात डोके घातले तरी ते दिसतात. अभयारण्यातून दगड, वाळू किंवा जीव आणण्याचा विचारही करू नये.

आता पाणी. वाशिमकराला खारे पाणी नवे नाही. दर्यापूर-मूर्तिजापूरकडचा खारपाणपट्टा फार दूर नाही, आणि लोणारचे सरोवर तर शेजारच्या बुलढाण्यातच. म्हणून ‘खारट ते खारट, त्यात काय’ असा मोह होतो. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यात क्लोराइड साधारण १९ ग्रॅम, सोडियम पावणेअकरा, मॅग्नेशियम १.३ आणि कॅल्शियम ०.४ ग्रॅम. जगभरच्या खुल्या समुद्रात एकूण खारटपणा थोडा कमीजास्त होतो, पण हे प्रमाण जवळपास तेच राहते आणि समुद्री जीव त्याच प्रमाणावर पोसलेले आहेत. खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचे किंवा लोणारचे पाणी खारट असले तरी त्याचे गणित निराळे. लोणारचे पाणी तर इतके अल्कधर्मी आहे की त्याचा सामू १० च्या आसपास जातो, समुद्राचा ८.१ च्या जवळपास असतो. स्वयंपाकघरातले मीठ घालून केलेले पाणीही समुद्राचे हे प्रमाण नसल्याने निकामी ठरते.

खरे समुद्राचे पाणी आणायचे तर ऋतू, जागा आणि भरती तिन्ही पाहावे लागते. पावसाळ्यात कोकणच्या नद्या किनाऱ्यालगतचे पाणी गोडे आणि गढूळ करतात, त्यामुळे जून ते ऑक्टोबर हा काळ सोडून द्यावा. खाडीच्या तोंडाशी, बंदरात, शहराच्या किनाऱ्यावर पाणी भरू नये. ओळखीच्या मच्छीमाराच्या होडीतून खाडीपासून दूर, चढत्या भरतीला, निवळशंख पाण्यात कॅन बुडवून भरावा, तोही होडीच्या पुढच्या अंगाने, कारण मागे इंजिनाच्या डिझेलचा तवंग असतो. कॅन खाद्यपदार्थांच्या दर्जाचा हवा. कीटकनाशकाचा किंवा तेलाचा जुना कॅन कितीही धुतला तरी चालत नाही.

भरलेले पाणी जिवंत असते, आणि पुढची अडचण त्यातूनच येते. त्यातले सूक्ष्म प्लवक बंद कॅनमध्ये मरतात, कुजतात आणि अमोनिया सोडतात. अशा पाण्याचे दोनच उपयोग होतात: गाळून एका दिवसाच्या आत टाकीत घालणे, किंवा अंधाऱ्या जागी ड्रममध्ये दोन-तीन आठवडे ठेवून, गाळ खाली बसू देऊन, हवा सोडून, अमोनिया शून्यावर आल्याची खात्री करून वापरणे. मालवणहून किंवा मुंबईहून निघालेले पाणी एका दिवसात टाकीत पडणे कठीणच, म्हणून धनजला दुसरा मार्ग उरतो.

समृद्धी महामार्गामुळे मुंबईचा प्रवास सोपा झाला असला तरी कारंजापर्यंतचे अंतर पाचशे किलोमीटरांहून जास्तच भरते. दोनशे लिटरच्या टाकीत आठवड्याला दहा टक्के पाणी बदलायचे तर वर्षाला १,०४० लिटर लागते, म्हणजे टनाहून जास्त वजन, आणि त्यात क्षार जेमतेम ३७ किलो. बाकी सगळे आपण कोकणातून आणलेले साधे पाणी! मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाला १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवरची जागा मिळाली, समुद्र दारातच होता. धनजची गोष्ट वेगळी. पहिल्या भरणीसाठी हौसेने नैसर्गिक पाणी आणावे, पण आठवड्याच्या बदलाला पिशवीतले समुद्री क्षारमिश्रण वापरणे शहाणपणाचे आहे.

ते मिश्रण विरघळवायला बोअरचे पाणी घेऊ नये. काळ्या जमिनीतल्या, कपाशी-सोयाबीनच्या शिवारातल्या पाण्यात कठीणपणा आणि नायट्रेट दोन्ही असतात, आणि टाकीत त्यावर शेवाळ माजते. लग्नकार्याला येणारे आरओचे जार पिण्याला ठीक, इथे नाही. त्यात विरघळलेले क्षार शिल्लक असतात. आरओनंतर उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनमधून गेलेले, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारे पाणी हवे. खारटपणा रिफ्रॅक्टोमीटरने मोजावा आणि तो ३५ च्या प्रमाण द्रावणावर जुळवलेला असावा, नुसत्या साध्या पाण्यावर नाही.

नवी टाकी भरल्यावर चार ते सहा आठवडे तिच्यात काहीही सोडू नये. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू दगडावर वसायला एवढा वेळ जातो.

खरी परीक्षा मार्चनंतर. वाशिम-अकोल्याचा पारा ४३ अंशांवर गेला की बंद खोलीतली टाकी ३२-३३ अंशांना सहज पोचते. टाकीतल्या मऊ प्राण्यांना २५-२६ अंश मानवतात. त्यांच्या पेशींत राहणारे एकपेशीय शैवाल त्यांना अन्न पुरवते. पाणी नेहमीच्या उन्हाळी कमालीपेक्षा एक-दोन अंशांनी वर जाऊन काही आठवडे तसेच राहिले की ते शैवाल बाहेर पडते आणि प्राणी पांढरा पडतो. १९९८ मध्ये लक्षद्वीप, अंदमान आणि मन्नारच्या आखातात हेच मोठ्या प्रमाणावर झाले. विदर्भाच्या कोरड्या हवेचा एक फायदा मात्र आहे: पाण्याच्या पृष्ठभागावर साधा छोटा पंखा लावला तरी बाष्पीभवनाने टाकी दोन-तीन अंशांनी उतरते. मुंबईच्या दमट हवेत हे इतके साधत नाही. पण त्याच खोलीत कूलर चालू असेल तर खोलीची हवा ओली होते आणि पंख्याचा परिणाम घटतो. कूलरने खोली गार होते ते वेगळे. तरी टाकी कूलरच्या झोतात ठेवू नये. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की पंख्याचा उपयोग जवळजवळ संपतो, आणि तेव्हाही पाणी तापलेले असेल तर चिलर किंवा एसीला पर्याय नाही. एवढा खर्च परवडत नसेल तर टाकी मांडूच नये, हे आधी स्वतःला सांगावे.

पंखा जितका चांगला चालतो तितके पाणी उडते. इथे फार टाक्या बुडतात. क्षार उडत नाहीत, फक्त पाणी उडते. दोनशे लिटरच्या टाकीतून दिवसाला चार लिटर उडाले आणि ती भर समुद्राच्या पाण्याने केली, तर दहा दिवसांत १,४०० ग्रॅम जादा क्षार जमतात आणि खारटपणा ३५ वरून ४२ वर जातो. भर नेहमी शून्य टीडीएसच्या गोड्या पाण्याने, रोज, काचेवर मारलेल्या रेघेपर्यंत करावी.

लाइट जाणे गृहीतच धरावे. तापलेल्या खाऱ्या पाण्यात प्राणवायू मुळात कमी विरघळतो. गोड्या पाण्यापेक्षा साधारण एक पंचमांशाने कमी. पंप थांबल्यावर मासे काही तासांतच वर येऊन श्वास घेऊ लागतात. इन्व्हर्टरवर दिवे नकोत, निदान एक प्रवाहपंप किंवा एअर पंप असावा. टाकीच्या कडेला उडालेले पाणी सुकून मिठाची पांढरी पूड चढते, ती वायरीवरून प्लगपर्यंत सरकते. म्हणून बोर्ड टाकीच्या वर, वायर खाली झोल देऊन, आणि अर्थिंग पक्के हवे.

शेतकरी घरात आणखी एक धोका आहे. फवारणीची औषधे कीटकांसाठी केलेली असतात, आणि टाकीतले कोळंबी-खेकडे कीटकांचेच दूरचे नातलग. फवारणीचा पंप भरलेले हात टाकीत घातले, किंवा त्याच खोलीत डासांचा फवारा मारला, की पहिली बाधा त्यांनाच होते. फवारणीचे सामान त्या खोलीत ठेवू नये आणि हात कोपरापर्यंत धुवावेत. उलट बाजूनेही सावधगिरी हवी. काही झोआंथसांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असते. झोआंथस बसलेला दगड गरम पाण्यात उकळू नये, हाताळताना हातमोजे आणि चष्मा असावा.

लेदर कोरल बरेचदा दोन-तीन दिवस मिटून बसतो. वरची साल मेणासारखी चकचकीत होते आणि पातळ पापुद्रा सुटतो. नवखा माणूस मेला समजून उचलून टाकतो. खरे तर तो जुनी त्वचा टाकत असतो. प्रवाह थोडा वाढवावा, पापुद्रा वाहून जातो आणि मऊ टोके पुन्हा बाहेर येतात. मेलेला असेल तर दुर्गंध येतो आणि मांस विरघळते, त्यात संशय राहत नाही.

माशांत विदूषक मासा, म्हणजे क्लाउनफिश, उत्तम. त्याचे बंदिस्त प्रजनन केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने साधले आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेल्यापेक्षा पैदाशीचा मिळवणे शक्य असते.

बदललेले पाणी कुठे टाकायचे हे बहुतेक कोणी विचारत नाही. वीस लिटरमध्ये सुमारे सातशे ग्रॅम मीठ असते. ते परसात, विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतले तर काळ्या चिकण मातीची घडण बिघडते, आणि खारपाणपट्ट्यातल्या शेतकऱ्याला त्याचे काय होते हे सांगायची गरज नाही. उन्हाळ्यात पत्र्याच्या उथळ परातीत ते आटवून उरलेले मीठ पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावे. टाकीतले जीव बेंबळा नदीत, तळ्यात किंवा परत समुद्रातही सोडू नयेत.