पोत्याआधी जागा

बाळा,

झाशीच्या सिव्हिल लाइन्समधल्या आपल्या घराचं काम काढलंस, छान केलंस. पण पल्लेदाराचे, म्हणजे हमालाचे, पैसे वाचवायला चाळीस पोती सिमेंट तू स्वतः मागच्या खोलीत नेणार, हे ऐकून हसू आलं. तुझ्या काकांनी रेल्वेतून चार दिवसांची रजा काढून हेच केलं होतं. रजा संपली तेव्हा पोती दारात होती आणि काका खाटेवर. म्हणून ऐक.

१. आधी ठेवायची जागा ठरव, वाटेतली पायपुसणी आणि कुंड्या उचल, मगच पोत्याला हात लाव — "कुठे ठेवू?" असं पोतं हातात घेऊन विचारणाऱ्याच्याच पाठीत उसण भरते. जागा नाही ठरली, तर पोतं दोनदा चढतं.

२. ट्रकच्या फाळक्यावरून पोतं थेट खांद्यावर घ्यायचं, मधे जमिनीवर टेकवायचं नाही — खांद्याशी आलेलं पोतं निम्मं हलकं, पायाशी गेलेलं दुप्पट जड.

३. खालून उचलावंच लागलं तर गुडघे वाकव, पोतं पोटाशी घे आणि वळताना कंबर न पिळता पावलं फिरव — काकांनी नेमकं उलटं केलं, आणि पुढे दोन महिने त्यांच्या चपला मी उचलून दिल्या.

४. सिमेंटची बॅग ५० किलोची. बांधकाम मजुरांसाठीच्या १९९८ च्या केंद्रीय नियमांत एकट्या पुरुषाला ५५ आणि बाईला ३० किलोची मर्यादा घातली होती. ती रोज वजन वाहणाऱ्यांसाठी — तू दिवसभर खुर्चीत बसतोस, तेव्हा दोघांनी मिळून धरा आणि उचलताना एकानेच "एक, दोन, तीन" म्हणा.

५. मौरंग (पुण्याची मावशी वाळूच म्हणेल) सिमेंटच्या रिकाम्या गोणीत भरणार असलास तर अर्धीच भर — सिमेंट मावतं तेवढ्या जागेत कोरडी वाळूच ५५ किलोच्या घरात जाते, भिजलेली तर त्याहून जास्त. गोणी डोळ्यांनी भरते, कमरेने रिकामी होते.

६. गिट्टीला गोणी नकोच, घमेलं बरं — टोकं प्लॅस्टिकच्या गोणीतून बाहेर येतात आणि मग जिनाभर वेचत बसावं लागतं.

७. डोक्यावरून न्यायचं तर चुंबळ हवीच, आणि पायात बूट — स्लिपर पायरीवर कधी सुटली हे पडल्यावर कळतं. मला कळलं आहे.

८. वरच्या मजल्यावर सगळी थप्पी एका कोपऱ्यात लावू नकोस — घराचा स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो धरून बांधतात, आणि दहा पोत्यांची एक थप्पी ५०० किलोची. आपल्या जुन्या दगडी छताला तर इतकाही भरवसा देऊ नकोस. लागतील तेवढीच पोती वर ने.

९. सिमेंट फळ्यांवर, भिंतीपासून फूटभर लांब ठेव आणि आधी आलेलं आधी वापर — ओल लागली की गोळे होतात, आणि कोरडं राहिलं तरी तीन महिन्यांत त्याची ताकद साधारण पाचव्या हिश्शाने उतरते. म्हणजे चाळीस एकदम मागवायची गरजच नव्हती, पण ते जाऊ दे.

१०. फाटलेलं पोतं उघड्या अंगावर घेऊ नकोस — घामाने भिजलेलं सिमेंट कातडी जाळतं. लागलंच तर लगेच भरपूर साध्या पाण्याने धू. डोळ्यात गेलं तर चांगली पंधरा मिनिटं पाणी मार आणि डॉक्टर गाठ, "होईल बरं" म्हणत बसू नकोस.

११. मे महिन्यात हे काम सकाळी आठच्या आत — झाशीचं ऊन ४५ अंशांवर गेलं की पोत्याचं वजन तेच राहतं, आपलं बळ नाही.

१२. आणि पल्लेदार लाव रे. माथ्यावर ओझं वाहणारे ते माथाडी; त्यांच्यासाठी महाराष्ट्रात १९६९ साली वेगळा कायदा करावा लागला. भाव आधी ठरव, मधे पाणी आणि गूळ दे — घासाघीस केलेलं पोतं नेमकं ओल्या जागेवर आपटतं.

१३. रिकाम्या गोण्या फेकू नकोस, मोजून ठेव — ठेकेदाराने खरंच किती सिमेंट वापरलं, ते त्याच्यापेक्षा त्या खरं सांगतात.

शनिवारी येते. माझी जुनी चुंबळ आणते, पण डोक्यावर तूच घे.

तुझी आत्या