जोड बघून कोर्स निवड

लेका, पुण्यातल्या मित्रांबरोबर गोल्फचे अठरा होल खेळायला निघाला आहेस, तर जाण्याआधी एवढं ऐकून जा. आपल्याकडे जत्रेच्या फडात कुस्ती लावताना जोड बघतात. नवख्या पोराला कुणी नावाजलेल्या मल्लापुढे सोडत नाही. कोर्स निवडतानाही तसाच जोड बघ. तिथं कोणकोण खेळून गेलं याच्याशी तुझ्या खेळाचा काही संबंध नाही.

आधी टी ठरव, मग कोर्स. प्रत्येक होलवर वेगवेगळ्या रंगांचे टी असतात आणि सगळ्यात मागचा सोडून पुढचा घेतला की त्याच कोर्सची लांबी हजार यार्डांनीसुद्धा कमी होते. तुझी पाच नंबरची आयर्न सरासरी किती जाते ते मोज. कधीतरी एकदा बसलेला लांब फटका धरू नकोस. त्या आकड्याला ३६ ने गुण. १४० यार्ड जात असेल तर ५,०४० यार्ड झाले. तेवढ्या लांबीच्या आसपासचा टी तुझा. ६,८०० यार्डांच्या टीवरून खेळलास तर दिवसभर लाकडंच हाणत बसशील, छोट्या आयर्नची पिशवीतून बाहेर यायची पाळीच येणार नाही. पुढच्या टीवर उभं राहण्यात कमीपणा मानणारे भेटतील. मला त्यांचं कधीच पटलं नाही आणि तूही त्यांच्या नादी लागू नकोस.

स्कोअरकार्डवर स्लोप छापलेला असतो, तो वाच. तो ५५ ते १५५ च्या दरम्यान असतो आणि ११३ हा प्रमाण धरतात. आकडा जितका मोठा, तितका तो कोर्स पट्टीच्या खेळाडूपेक्षा तुझ्यासारख्याला जास्त जड. तुझा हँडिकॅप इंडेक्स २४ असेल, तर ११३ वर तुला साधारण २४ फटक्यांची सूट. १३२ च्या स्लोपवर तीच सूट २८ होते. हे चार जादा फटके कोर्स तुझ्याकडून वसूल करणार म्हणूनच दिलेले असतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुझा चांगला फटका कुठं जातो हे सोड, बिघडलेला कुठं जातो ते बघ. तुझा चेंडू उजवीकडे वळतो. मग उजव्या कडेला हद्दीचे पांढरे खुंट किती होलवर आहेत, हे फोन करून विचार. पाण्यात गेलेला चेंडू एका फटक्याचा दंड घेतो. हद्दीबाहेर गेलेला दंडही घेतो आणि परत जुन्या जागी उभं करतो, म्हणून तो जास्त महागात पडतो. येरवड्याच्या पूना क्लबच्या कोर्सवर झाडं आहेत, तिथं लांबीपेक्षा सरळ फटका कामाला येतो. पुण्यातल्याच ऑक्सफर्ड गोल्फ रिसॉर्टचा कोर्स डोंगरउतारावर; एक पाय वर, एक खाली ठेवून मारायची सवय नसेल तर तो पुढच्या वर्षी. खारघरला सिडकोचा कोर्स आहे, तिथं सभासद नसलेल्यालाही पैसे भरून खेळता येतं. बहुतेक क्लबांत मात्र सभासदाबरोबर पाहुणा म्हणूनच प्रवेश मिळतो, तेव्हा आधी विचारून घे.

आपल्या सोलापूरहून पुणे अडीचशे किलोमीटर. सकाळची वंदे भारत नऊच्या सुमारास पुण्यात पोचवते, तोवर उन्हाळ्यात ऊन तापलेलं असतं. आदल्या रात्रीच मुक्कामाला जा आणि खेळायला सकाळची पहिली वेळ घे. पावसाळ्यात चेंडू पडेल तिथंच रुततो, पुढं घरंगळत नाही, म्हणून त्या दिवसांत आणखी एक टी पुढून खेळ.

आपल्याकडे बऱ्याच ग्रीनवर हरळीच्या जातीचं गवत असतं. तुझ्या बाजूनं गवत चकाकलं तर पाती होलकडे झुकलेली आहेत, चेंडू पळेल. काळपट दिसलं तर जरा जोरानं ढकल. कॅडीला विचारायला संकोचू नकोस, तो रोज त्याच गवतावर वावरतो. पहिल्या टीवरच त्याला तुझा खरा पल्ला सांग, फुगवून नको. त्यानं सात नंबर काढून दिली आणि तुला आठ वाटली, तरी निदान पहिले नऊ होल सातच मार.