‘मेंडी’ जहाजाचें स्मरण

युद्धाचा इतिहास वाचतांना आपली दृष्टि सहजच सेनापतींकडे व रणभूमीकडे जाते. परंतु ज्यांच्या हातीं शस्त्रहि दिलें नाहीं व जे रणभूमीपर्यंत पोंचलेहि नाहींत, त्यांचें स्मरण कोणी करावयाचें? हा प्रश्न मनांत ठेवून विद्यार्थ्यांनीं पुढील हकीकत वाचावी अशी आमची इच्छा आहे.

पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें मजुरांची फार टंचाई पडली. बंदरांत माल उतरविणें, लांकडें तोडणें, रस्ते व लोहमार्ग बांधणें या कामांसाठीं दक्षिण आफ्रिकेंतील काळ्या लोकांचें एक श्रमिक दल उभारण्यांत आलें. काळ्या माणसाच्या हातीं बंदूक जाऊं नये असा तेथील गोऱ्या राज्यकर्त्यांचा दंडक होता. तरीहि खेड्यांतील गरीब शेतकऱ्यांपासून मिशनच्या शाळांत शिकलेल्या गृहस्थांपर्यंत अनेक जण या दलांत शिरले. संकटकाळीं सेवा केली तर पुढें आपल्या लोकांना न्याय मिळेल, अशी त्यांतील पुष्कळांची आशा होती.

या दलाची एक तुकडी घेऊन ‘मेंडी’ जहाज १९१७ च्या जानेवारींत केपटाउनहून निघालें. ता. २१ फेब्रुवारी रोजीं पहांटे पांचच्या सुमारास तें इंग्लंडच्या दक्षिणेस, वाइट बेटाजवळ, दाट धुक्यांतून हळूहळू चाललें होतें. इतक्यांत ‘डारो’ नांवाचें त्याहून कितीतरी मोठें जहाज भरधांव येऊन त्याच्या कुशींत घुसलें. सुमारें अर्ध्या तासाच्या आंत ‘मेंडी’ समुद्राच्या तळाशीं गेलें. कित्येकांच्या अंगावर तरंगण्याचे पट्टे होते. परंतु पाणी इतकें गार होतें, कीं ते बुडून नव्हे तर गारठून मेले. सोबतच्या ‘ब्रिस्क’ या विनाशिकेनें कांहींना वांचविलें; तथापि ६०० हून अधिक आफ्रिकी लोक प्राणांस मुकले.

येथें शत्रूनें एकहि गोळा टाकला नव्हता. पुढें झालेल्या चौकशींत ‘डारो’च्या कप्तानाकडे दोष आला. धुक्यांत तो वेगानें चालला होता, इशाऱ्याचा भोंगा त्यानें वाजविला नव्हता आणि टक्कर झाल्यावर बुडणाऱ्यांच्या मदतीस होड्याहि सोडल्या नाहींत. एवढ्या जीवहानीबद्दल त्याचा परवाना केवळ एक वर्ष काढून घेण्यांत आला.

लव्हडेल येथील मिशनच्या शाळेंत शिकलेले आयझॅक वॉकोप नांवाचे एक वृद्ध धर्मोपदेशक या जहाजावर होते. त्यांनीं शेवटच्या घटकेस सर्वांना धीर दिला, आपण निरनिराळ्या जमातींचे असलों तरी एकमेकांचे भाऊच आहों असें सांगितलें, आणि मग सारे जण अनवाणी पायांनीं डेकवर नाचत मृत्यूस सामोरे गेले, अशी कथा आफ्रिकेंत तोंडोतोंडीं चालत आली आहे. त्या क्षणाचा लेखी पुरावा नाहीं. परंतु आपल्या माणसांचा अंत कसा आठवावा, हें त्या लोकांनीं या कथेनें ठरविलें.

दुःखाची वार्ता पोंचल्यावर दक्षिण आफ्रिकेच्या पार्लमेंटांतील सभासदांनीं उभें राहून आदर व्यक्त केला. पण युद्ध संपल्यावर त्याच देशाच्या सरकारनें या दलांतील काळ्या सेवकांस युद्धपदक देण्याचें नाकारलें. घडीभर उभें राहणें सोपें असतें. न्याय देणें कठीण असतें!

तरी त्यांची आठवण बुडाली नाहीं. साउदॅम्प्टन येथील हॉलिब्रुक स्मारकावर मृतांचीं नांवें कोरलेलीं आहेत. १९९५ सालीं सोवेटो येथें राणी एलिझाबेथ व राष्ट्राध्यक्ष मंडेला यांच्या उपस्थितींत नव्या स्मारकाचें अनावरण झालें. २००३ पासून तो देश शौर्याबद्दल जो सन्मान देतो, त्यास ‘मेंडी’चेंच नांव आहे, आणि २१ फेब्रुवारी हा तेथील सेनादलांचा दिन म्हणून पाळला जातो.

विद्यार्थ्यांनो, ओझीं वाहण्यास निघालेल्या या माणसांचें शौर्य बंदूकधाऱ्यांहून कमी नव्हतें. त्यांच्या स्मरणाचा खरा अर्थ एवढाच, कीं ज्याच्या श्रमावर आपलें काम चालतें, त्याचें नांव आपणांस ठाऊक असावें आणि त्याचा मान त्याला जिवंतपणींच मिळावा.