दालचिनीची चिमूट, मधाचा चमचा

तू पाठवलेला तो दालचिनी-मधाचा मेसेज वाचला गं. सांध्यांपासून हृदयापर्यंत सगळ्यावर एकच औषध! हा मजकूर तुझ्या लग्नाच्याही आधीपासून फिरतोय. त्यात 'वीकली वर्ल्ड न्यूज' नावाच्या पत्राच्या १७ जानेवारी १९९५ च्या अंकाचा दाखला असतो बघ. हे पत्र अमेरिकेतलं, पहिल्या पानावर वटवाघळाच्या तोंडाच्या पोराचा फोटो छापणारं. आता त्याच्या भरवशावर औषध घ्यायचं का, ते तूच ठरव.

दोन्ही जिन्नस मात्र गुणाचे आहेत. कुठला, किती आणि कुणाला, एवढं नीट समजून घे.

आधी दालचिनी. आपल्या आगरात माडांच्या सावलीत जी झाडं आहेत, तीच खरी दालचिनी, श्रीलंकेच्या जातीची. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने 'कोकण तेज' नावाचं वाण काढलंय ते हिचंच. तांबूस पालवी हिरवी झाली की फांदीची साल सहज सुटते. वरचा खरबरीत पापुद्रा खरवडायचा, आतली साल सावलीत वाळवायची, की तिची आपोआप गुंडाळी होते. कागदासारखे पातळ पदर एकात एक गेलेले, बोटाने दाबलं तर चुरा, आणि वास गोडसर. शहरात दुकानात दालचिनी म्हणून बहुतेक वेळा मिळतं ते जाड, कडक, गडद तांबूस लाकडासारखं सालपट. त्याला कॅशिया म्हणतात. तेही मसाल्याचंच, पण त्यात कूमारिन नावाचं द्रव्य बरंच असतं, आपल्या दालचिनीत अगदी नावापुरतं. हे कूमारिन रोज पोटात गेलं तर काही जणांच्या यकृताला त्रास होतो. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने रोजची मर्यादा शरीराच्या दर किलो वजनाला ०.१ मिलिग्रॅम धरली आहे. म्हणजे साठ किलोच्या माणसाला ६ मिलिग्रॅम. कॅशियाची पूड चहाचा एक चमचा घेतली तरी तेवढी मात्रा सहज गाठली जाते.

म्हणून घाबरून मसालेभातातला तुकडा काढून टाकू नकोस हो. घरभराच्या भातात पडलेल्या बोटभर काडीने काही होत नाही. महिनोन् महिने रोज सकाळी चमचाभर, हा प्रकार वाईट. आणि पूड कधी विकत आणू नकोस, पुडीत कोणती साल दळलीय ते ब्रह्मदेवालाही ओळखता येणार नाही. काडी आण, तव्यावर जराशी शेकव, घरी कुट. कोरडी पूड चमच्याने तोंडात टाकायची तर मुळीच नाही. ठसका लागून ती श्वासनळीत उतरते, आणि फुफ्फुसात गेलेली सालीची पूड विरघळत नाही.

तुझ्या सासऱ्यांच्या शुगरबद्दल विचारलंस. २००३ साली पाकिस्तानात साठ मधुमेही माणसांवर चाळीस दिवस प्रयोग झाला. रोज १ ते ६ ग्रॅम दालचिनी घेतलेल्यांची साखर उतरली, तेव्हापासून हिची ख्याती झाली. पुढे आणखीही प्रयोग झाले, पण निकाल एकसारखे येईनात. २०१२ मध्ये कोक्रेन या संस्थेच्या तज्ज्ञांनी दहा प्रयोग एकत्र तपासले आणि मधुमेहावर हिची शिफारस करण्याजोगा पुरावा नाही, असं सांगितलं. तेव्हा काढ्यात चिमूटभर घालतात ती घालू दे, पण गोळी सोडायची नाही. त्यांची रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल किंवा यकृताचं दुखणं असेल, तर चिमटीच्या पुढे जाण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. आणि ती पूड मधात कालवून द्यायची म्हणशील, तर मध म्हणजे शेवटी साखरच. मोठ्या चमच्यात सतरा-एक ग्रॅम साखर जाते. 'नैसर्गिक आहे' म्हटल्याने रक्ताला फरक कळत नाही.

बाळाच्या बाबतीत मात्र मी काही ऐकून घेणार नाही. आपल्याकडे जन्मल्याबरोबर मध चाटवायची, बाळगुटी मधात उगाळायची रीत. माझ्या सासूबाईंनीही केलं, तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. मधात एका जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांचं काही चालत नाही, तान्ह्याच्या आतड्यात ते रुजतात आणि विष सोडतात. शौचाला खडा, रडणं क्षीण, दूध ओढताना थकवा, मान लुळी, अशी लक्षणं दिसली की थेट दवाखाना. घरी उकळून ते बीजाणू मरत नाहीत. वर्ष पूर्ण होईपर्यंत बोटाला लावूनसुद्धा नाही. गुटी द्यायचीच असा तुझ्या सासूबाईंचा आग्रह असेल, तर आधी बालरोगतज्ज्ञांना विचार, आणि त्यांचा निरोप सासूबाईंना तू नको, नवऱ्याला सांगू दे.

वर्षापुढच्या मुलांना आणि मोठ्यांना रात्रीच्या खोकल्यावर मात्र मध खरंच उतारा देतो. ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या मार्गदर्शनातही तो आहे. लहानाला निजताना अर्धा चहाचा चमचा पुरे, आणि मग दात घासायचे. आठवडा उलटूनही खोकला राहिला, ताप आला किंवा धाप लागली, तर मधावर थांबू नकोस.

दोन्ही कालवून चेहऱ्याला लावायचं वेडही त्याच मेसेजमध्ये आहे. दालचिनीने कातडी भाजल्यासारखी लाल होते, तिच्या तेलाने तर जास्तच. ते नको.

मध शुद्ध आहे का, हे पाण्यात थेंब सोडून किंवा वात पेटवून कळत नाही. २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने तेरा ब्रँडचे नमुने तपासले, तर एका कडक चाचणीत दहा नापास झाले. त्यापेक्षा मधमाश्या पाळणाऱ्याकडून घ्यावा. महाबळेश्वरजवळच्या मांघरला आता मधाचं गाव म्हणतात, तिकडे कुणी गेलं तर सांगून ठेव. जांभळाचा मध काळपट आणि कडसर असतो, तो बिघडलेला समजून परत करू नकोस. थंडीत बाटलीत साखरेसारखे दाणे बसले तर ती भेसळ नव्हे. बाटली कोमट पाण्यात ठेव, गॅसवर नाही. आणि ओला चमचा आत घालू नकोस, पाणी शिरलं की मध आंबतो आणि झाकणाखाली फेस येतो.